पिंपरी-चिंचवडची रोव्हर : एका ‘स्पोर्टी’ मोटारीची कथा

#धागा #इतिहास #पिंपरीचिंचवड

१/
संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्थानकावर उतरावे. जुना पुणे-मुंबई महामार्ग आणि वल्लभनगरचे एसटी स्थानक मागे टाकून यशवंतराव चव्हाण रुग्णालयावरून नेहरूनगरच्या दिशेने निघावे. थोड्याच अंतरावर टाटा मोटर्सचा पसारा सुरू होतो. जुन्या पिढीच्या तोंडी तो आजही ‘टेल्को’च आहे. पिंपरीपासून चिंचवड-चिखलीपर्यंत विस्तारलेल्या या पसाऱ्यात बनलेली एक मोटार २००३ साली इंग्लंडमध्ये ‘रोव्हर’ या प्रतिष्ठित ब्रिटिश नावाने विकली गेली. आज तिची आठवण फार थोड्यांना आहे. आजचा धागा तिच्याविषयी.

२/
रतन टाटा आणि फोर्ड यांची गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. १९९९ मध्ये डेट्रॉइट येथे झालेला अपमान आणि २००८ मध्ये जॅग्वार-लँड रोव्हर विकत घेऊन केलेली परतफेड. टाटा समूहातील अधिकारी प्रवीण काडले यांनी २०१५ साली हा प्रसंग जाहीरपणे सांगितला आणि तेव्हापासून तो समाजमाध्यमांवर अखंड फिरतो आहे. प्रसंग रंजक आहे. परंतु त्यात दोन घटनांमधली नऊ वर्षे गाळली जातात. त्या नऊ वर्षांत आपल्या कारखान्याला इंग्लंडमध्ये एक मोठे अपयश पाहावे लागले. त्या अपयशाचे नाव ‘सिटीरोव्हर’.

३/
मुळात ‘स्पोर्टी मोटार’ ही काय वस्तू आहे, येथून आरंभ करू. शर्यतीसाठी स्वतंत्रपणे घडवलेली मोटार वेगळी. सामान्य कुटुंबाची मोटार घ्यावी, तिचे इंजिन थोडे सशक्त करावे, सांगाडा रस्त्याच्या जवळ आणावा, स्प्रिंगा कडक कराव्यात, चाके मोठी लावावीत, आतबाहेर थोडा साज चढवावा आणि नवे चिन्ह लावून ती तरुण ग्राहकाला विकावी, ही कल्पना ब्रिटिश मोटार उद्योगात चांगलीच रुजली होती. १९२० च्या दशकात ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी मॉरिसच्या साध्या मोटारींवर देखणे, हलके सांगाडे चढवण्यास सुरुवात केली. मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरे म्हणजेच ‘एमजी’.

४/
या परंपरेचे उत्तम उदाहरण म्हणजे ऑस्टिन मेट्रो. १९८० साली बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज कारखान्यातून बाहेर पडलेली ही छोटी कौटुंबिक मोटार मोठी विक्षिप्त होती. तिचे इंजिन १९५१ सालच्या घराण्यातले. गिअर चारच, आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटातच, तेलाच्या टाकीत बसवलेला. पोलादी स्प्रिंगांऐवजी द्रव आणि वायू भरलेल्या गोलांवर ती तरंगत असे. विवाहापूर्वी लेडी डायना स्पेन्सर हीच मोटार चालवीत. आपल्याकडे फियाट किंवा मारुतीने जे स्थान मिळवले, तशाच प्रकारचे घरगुती स्थान मेट्रोला ब्रिटनमध्ये लाभले.

५/
१९८२ मध्ये तिची ‘एमजी मेट्रो’ ही स्पोर्टी आवृत्ती आली. १२७५ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून ७२ अश्वशक्ती. पाठोपाठ आलेल्या टर्बो आवृत्तीतून ९३. आत लाल रंगाचे सीटबेल्ट. आजच्या मापाने हे आकडे किरकोळ वाटतील. पण हलक्या सांगाड्याच्या छोट्या मोटारीला तेवढी शक्ती मिळाली की तिचा स्वभावच पालटतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : एमजी मेट्रोत केवळ लाल पट्टे आणि नवे चिन्ह नव्हते, तिच्या इंजिनावर खरोखर काम झाले होते. पुढे सिटीरोव्हरचा हिशेब मांडताना हा फरक आपल्याला लागणार आहे.

६/
आता भारताकडे वळू. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके आपल्या मोटारी म्हणजे परदेशात जुन्या झालेल्या आराखड्यांचा दुसरा जन्म होता. अॅम्बॅसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड ही ट्रायम्फ हेराल्ड. मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी ही इटलीची फियाट. १९८५ मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ‘स्टँडर्ड २०००’ आणली. तिचे बाह्यरूप रोव्हर एसडी-१ या देखण्या, वेगवान ब्रिटिश मोटारीचे होते. इंजिन मात्र जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या वंशातले, दोन लिटरचे. रूप धावपटूचे आणि दम वयोवृद्धाचा. काही वर्षांतच ती बंद पडली.

७/
सारांश, आराखडे नेहमी तिकडून इकडे येत. इकडून तिकडे एखादी मोटार जाईल आणि तिच्यावर ब्रिटिश नाव लागेल, ही कल्पना कोणी केली नव्हती. ती ज्या कारखान्यामुळे शक्य झाली, त्याची पायाभरणी १९६० च्या दशकातली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर कारखाने उभे राहू लागले. जमशेदपूरच्या टेल्कोने येथे दुसरे घर केले. त्यामागे सुमंत मुळगावकर यांची दृष्टी होती. मालमोटारी बनवण्याआधी त्या बनवणारी यंत्रे, साचे आणि माणसे घडवायची, असा त्यांचा आग्रह.

८/
म्हणूनच पुण्यातल्या टेल्कोत अवजारशाळा, शिकाऊ उमेदवारांचे प्रशिक्षण केंद्र आणि १९६६ पासूनचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र यांना पहिल्यापासून मोठे महत्त्व राहिले. कारखान्याच्या आवारात तळे आणि हजारो झाडे ही मुळगावकरांचीच आवड. ‘सुमो’ हे नाव त्यांच्या नावाच्या आणि आडनावाच्या आद्याक्षरांवरून आले, असे पिंपरीत आजही सांगितले जाते. १९८६ ची ‘४०७’, १९९१ ची सिएरा, १९९४ ची सुमो असा प्रवास करत हा कारखाना मालमोटारींकडून प्रवासी मोटारीकडे सरकत गेला. अखेरचे पाऊल म्हणजे इंडिका.

९/
रतन टाटांची इंडिकाची व्याख्या सोपी आणि अवघड होती : बाहेरून मारुती झेनएवढी, आतून अॅम्बॅसेडरसारखी ऐसपैस, किंमत मारुती ८०० च्या जवळपास आणि चालवण्याचा खर्च डिझेलचा. सांगाड्याचे रेखाटन इटलीतील तुरिन शहराच्या ‘आयडिया’ या संस्थेच्या साहाय्याने झाले. जुळणीसाठी नवा प्रकल्प परवडणारा नव्हता. तेव्हा ऑस्ट्रेलियातला निस्सान कंपनीचा बंद पडलेला प्रकल्प सुमारे १०० कोटी रुपयांत घेतला गेला. टेल्कोच्या अभियंत्यांनी तेथे जाऊन तो सुटा केला, जहाजाने पुण्यास आणला आणि पुन्हा उभा केला. इंडिकावर एकंदर सुमारे १७०० कोटी रुपये खर्च झाले.

१०/
१९९८ च्या आरंभी दिल्लीत आणि नंतर जिनिव्हाच्या प्रदर्शनात इंडिका लोकांसमोर आली. ३० डिसेंबर १९९८ रोजी तिची विक्री जाहीर झाली. आठवड्याभरात १,१५,००० ग्राहकांनी पैसे भरून नोंदणी केली. पण पहिल्या गाड्यांत दोष निघाले, तक्रारी वाढल्या. २०००-०१ या आर्थिक वर्षात टेल्कोला ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. कंपनीने मोटार सोडून दिली नाही. तिच्यातले दोष शोधून ती बारकाईने सुधारली. २००१ ची ‘इंडिका व्ही-२’ हे त्या दुरुस्तीचे फळ. भारतीय बाजाराने ती मनापासून स्वीकारली. टॅक्सीचालकांपासून मध्यमवर्गीय कुटुंबांपर्यंत ती सर्वत्र पोहोचली.

११/
याच काळात लाँगब्रिजमध्ये काय चालले होते? मेट्रोचे नाव बदलत बदलत ‘रोव्हर १००’ झाले होते. १९९७ मध्ये युरो एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला अवघा एक तारा मिळाला आणि लवकरच तिचे उत्पादन थांबले. तिची जागा घेणारी छोटी मोटार कंपनीकडे नव्हती. मालकही बदलत होते : सरकार, ब्रिटिश एरोस्पेस, १९९४ पासून जर्मनीची बीएमडब्ल्यू. सन २००० मध्ये बीएमडब्ल्यूने मिनी स्वतःकडे ठेवली, लँड रोव्हर फोर्डला विकली आणि उरलेली कंपनी ‘फिनिक्स’ या गटाला नाममात्र दहा पौंडांना देऊन टाकली. तिचे नाव झाले एमजी रोव्हर.

१२/
हाती पैसा थोडा, नवी मोटार घडवण्यास वर्षे लागणार, अशी अवस्था. तेव्हा या कंपनीने जुनीच युक्ती वापरली. २००१ साली तिने रोव्हरच्या प्रौढ, सभ्य कौटुंबिक मोटारींच्या स्पोर्टी आवृत्त्या आणल्या. रोव्हर २५ वरून एमजी झेडआर, ४५ वरून झेडएस, ७५ वरून झेडटी. सर्वांत लहान झेडआरच्या सर्वांत जोरकस आवृत्तीत १६० अश्वशक्ती होती. तरुणांनी तिला उचलून धरले. मोठ्या खर्चाशिवाय जुन्या मोटारीला नवे तारुण्य देता येते, हा विश्वास त्यामुळे कंपनीत दृढ झाला असावा. मात्र सर्वांत छोट्या मोटारीची जागा अजून रिकामीच होती.

१३/
आणि येथे पिंपरी-चिंचवड आणि लाँगब्रिज यांची गाठ पडली. डिसेंबर २००२ मध्ये करार झाला : टाटांनी पाच वर्षांत एक लाख मोटारी पुरवायच्या, एमजी रोव्हरने त्या आपल्या नावाने ब्रिटन आणि युरोपात विकायच्या. सप्टेंबर २००३ मध्ये पहिल्या मोटारी पुण्याहून रवाना झाल्या. त्याच सुमारास टेल्कोचे अधिकृत नावही ‘टाटा मोटर्स’ झाले. ज्या वसाहतींत पहाटे पहिल्या पाळीच्या कामगारांना नेणाऱ्या बसगाड्या थांबतात, तेथील हातांनी जुळवलेली मोटार रोव्हरच्या देशात चालली होती. हा केवढा मोठा क्षण होता, हे आज मेक इन इंडियाच्या काळात चटकन जाणवत नाही.

१४/
इंडिकाची सिटीरोव्हर होताना नेमके काय बदलले? नाकावर रोव्हरची जाळी आणि चिन्ह आले, बंपर नवे झाले. सांगाडा सुमारे २० मिलिमीटरने खाली आणला. स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर अधिक कडक केले. चाके १४ इंची झाली. १.४ लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे ८५ अश्वशक्तीचे होते. आपल्याकडच्या सुरुवातीच्या डिझेल इंडिकाची शक्ती जेमतेम ५३-५४ होती. म्हणजे कागदावर पाहिले तर ही इंडिकाची स्पोर्टी आवृत्तीच झाली. आपल्या रस्त्यांवरची उंच, मऊ, संथ इंडिका तेथे बुटकी, ताठ आणि चपळ होऊन उतरली.

१५/
हे बदल का केले, तेही पाहू. मोटार खाली आणली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी झुकते. स्प्रिंग कडक असली की चाक रस्त्याला ताबडतोब प्रतिसाद देते. पण याची किंमत मोजावी लागते. इंडिका उंच ठेवली होती ती खड्डे, गतिरोधक आणि पाच-सहा प्रवाशांचा भार लक्षात घेऊन. मऊ स्प्रिंगा दौंड-बारामतीच्या रस्त्यांसाठी होत्या. इंग्लंडच्या गुळगुळीत रस्त्यावर या गुणांची गरज नव्हती, म्हणून ते काढले. मात्र तेथील ग्राहकाला जे हवे होते, ते सारे त्यांच्या जागी घातले गेले नाही.

१६/
तेथील ग्राहकाला काय हवे होते? शांत आणि सुबक अंतर्भाग, हलका गिअर, दर्जेदार प्लॅस्टिक, सुरक्षेची साधने. सिटीरोव्हरचा अंतर्भाग मोठ्या प्रमाणात इंडिकाचाच राहिला. किंमत मात्र ६,४९५ पौंडांपासून सुरू झाली. त्या वेळच्या दराने सुमारे पाच लाख रुपये. त्याच किमतीच्या आसपास फियाटची नवी पांडा उभी होती, आणि तिला २००४ चा युरोपातील ‘कार ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला होता. भारतात इंडिका सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त जागा देत होती. इंग्लंडमध्ये तीच मोटार नव्या प्रतिस्पर्ध्यांइतकी महाग आणि त्यांच्यापेक्षा जुन्या वळणाची ठरली.

१७/
मोटार-पत्रकारांनी तिला सोडले नाही. बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमाला कंपनीने चाचणीसाठी मोटार देण्याचे नाकारले. तेव्हा जेम्स मे हे निवेदक छुपा कॅमेरा घेऊन, ग्राहक असल्याचे भासवून विक्रीदालनात गेले आणि तिची चाचणी घेऊन आले. या कार्यक्रमासाठी आपण चालवलेली ही सर्वांत वाईट मोटार, असा निकाल त्यांनी दिला. पुढे किमती उतरवाव्या लागल्या, तरी विक्री कराराच्या आकड्याच्या जवळपासही फिरकली नाही. एमजीचे चिन्ह लावलेली, आणखी वेगवान आवृत्ती बाजारात आलीच नाही.

१८/
येथे आपण थोडे थांबू, कारण इतिहासाचा अभ्यास करताना हाच टप्पा कसोटीचा असतो. दोन निष्कर्ष सहज सुचतात. पहिला : भारतीय माल निकृष्ट होता. दुसरा : गोऱ्यांनी द्वेषाने आपल्या मोटारीची खिल्ली उडवली. दोन्ही सोपे आहेत आणि दोन्ही अपुरे. तीच मोटार, त्याच जुळणी-रेषेवरची, भारतात लोकांच्या पसंतीस उतरली होती आणि सुमारे वीस वर्षे, २०१८ पर्यंत, विकली गेली. तिला निकृष्ट म्हणता येत नाही. आणि ब्रिटिश पत्रकारांची तक्रार मुख्यतः किंमत आणि सफाई यांविषयीची होती; त्या किमतीला शेजारच्या दालनात अधिक चांगली मोटार मिळत होती.

१९/
खरे कारण आपण पाचव्या भागात नोंदवलेल्या फरकात आहे. स्पोर्टी आवृत्तीसाठी बाह्य साजाबरोबर पैसा आणि वेळ खर्चावा लागतो. एमजी मेट्रोच्या मागे स्वतःची अभियांत्रिकी असलेला कारखाना होता. टाटांनी इंडिकाच्या चुका निस्तरण्यासाठी व्ही-२ वर मेहनत घेतली, तोटा सोसला. एमजी रोव्हरजवळ सिटीरोव्हरवर अशी मेहनत घेण्यास ना पैसा होता ना अवधी. तिने स्प्रिंगा आणि चिन्ह बदलले, आणि आपल्या नावाची पुण्याई उरलेली उणीव भरून काढील, अशी आशा धरली. नावाची पुण्याई अगोदरच ओसरली होती.

२०/
शेवट दुःखद झाला. चीनच्या एसएआयसी कंपनीशी चाललेली बोलणी फिसकटली आणि एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर दिवाळखोर ठरली. सुमारे ६,००० कामगारांची नोकरी गेली. १९०५ साली हर्बर्ट ऑस्टिन यांनी सुरू केलेला लाँगब्रिज कारखाना बरोबर शंभराव्या वर्षी थंडावला. आपल्या बाजूने पाहता एक लाख मोटारींचा करार अर्ध्यावर विरला. पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यातील माणसांना लाँगब्रिजचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. बंद कारखान्याचे फाटक येथील अनेक घरांनी पाहिले आहे.

२१/
लाँगब्रिजच्या अवशेषांचे काय झाले? जुलै २००५ मध्ये चीनच्या नानजिंग कंपनीने एमजीची मालमत्ता घेतली. पुढे ती एसएआयसीत विलीन झाली. गुजरातमधील हलोलला बनलेल्या एमजी मोटारी २०१९ पासून आपल्या रस्त्यांवर दिसू लागल्या, त्या या वाटेने. ‘रोव्हर’ हे नाव मात्र वेगळ्या दिशेने गेले. ते बीएमडब्ल्यूच्या मालकीचे होते. २००६ मध्ये ते फोर्डने विकत घेतले, जेणेकरून ‘लँड रोव्हर’शी त्याची गल्लत होऊ नये. आणि २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरला जॅग्वार-लँड रोव्हर घेतली, तेव्हा रोव्हर हे नावही टाटांकडे आले.

२२/
ज्या नावाचा आधार घेऊन आपली मोटार इंग्लंडमध्ये गेली होती, ते नावच आता आपल्या कंपनीच्या तिजोरीत आहे. टाटांनी ते पुन्हा कोणत्याही मोटारीवर लावलेले नाही. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे टाटांनी लँड रोव्हरला एमजी रोव्हरसारखे वागवले नाही. खरेदी होताच जागतिक मंदी आली, कंपनी अडचणीत सापडली. तरीही नव्या मोटारींच्या आराखड्यांवरचा खर्च चालू ठेवला. जुन्या सांगाड्यावर नवे चिन्ह चिकटवण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. सिटीरोव्हरचा अनुभव या निर्णयांमागे किती होता, हे सांगता येणार नाही. पण ज्यांनी तो अनुभव घेतला होता, तीच कंपनी हे निर्णय घेत होती.

२३/
त्यानंतर प्रवाहाची दिशा पुन्हा फिरली. २०११ मध्ये पुण्यात लँड रोव्हर फ्रीलँडर-२ ची जुळणी सुरू झाली. जानेवारी २०१९ मध्ये आलेली टाटा हॅरियर लँड रोव्हरच्या डी-८ या पायावरून विकसित केलेल्या सांगाड्यावर उभी होती आणि ती बनली पुण्यातच. येथे केवळ चिन्ह आणि जाळी बदललेली नव्हती. ब्रिटिश आराखडा भारतीय किमतीत आणि भारतीय रस्त्यांवर बसवण्यासाठी येथील संशोधन केंद्राने त्यावर वर्षानुवर्षे काम केले होते. २००३ मध्ये लाँगब्रिजने इंडिकासाठी जे केले नाही, ते पिंपरी-चिंचवडने लँड रोव्हरच्या पायासाठी केले.

२४/
अखेरची नोंद. रोव्हर बंद पडली त्याच वर्षी, २००५ मध्ये, लँड रोव्हरने आपल्या प्रशस्त मोटारीची स्पोर्टी आवृत्ती आणली : रेंज रोव्हर स्पोर्ट. मे २०२४ मध्ये जाहीर झाले की रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट यांची निर्मिती पुण्यात होणार. १९७० पासूनच्या ५४ वर्षांत या मोटारी प्रथमच ब्रिटनबाहेर तयार होणार होत्या. पुढच्या वेळी संत तुकाराम नगरहून टेल्कोच्या रस्त्याने जाल, तेव्हा भिंतीपलीकडे पाहून सिटीरोव्हरची आठवण अवश्य काढा. तिची लाज वाटण्याचे कारण नाही. ती आपल्या येथून परक्या नावाने गेलेली, अपुऱ्या तयारीनिशी पाठवलेली मोटार होती. आणि तिला जुळवणाऱ्या कामगारांनी आपले काम चोख केले होते.

धागा येथे पूर्ण होतो. आपल्या घरात टेल्कोत काम केलेले कोणी असेल, तर त्यांना २००३ सालच्या त्या निर्यातीच्या गाड्यांविषयी जरूर विचारा. त्यांच्या आठवणी लिहून ठेवणे हेही इतिहासाचेच काम आहे.